विद्यापीठ आणि राज्यघटना

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना १९०१ सालीं अंमलांत आली. तींत १२७ वें कलम असें होतें कीं, लोकसंख्या मोजतांना मूळच्या आदिवासींस गणतींत धरूं नये. हें कलम जाण्यास ६६ वर्षें लागलीं, आणि त्या कामीं लोकमत तयार करण्यांत सिडनी विद्यापीठाच्या मूठभर विद्यार्थ्यांचा वांटा मोठा होता.

१९६५ च्या फेब्रुवारींत २९ विद्यार्थी एका बसमधून न्यू साउथ वेल्सच्या आंतल्या भागांतील गांवांकडे निघाले. त्यांचे पुढारी चार्ल्स पर्किन्स हे स्वतः आदिवासी. १९६६ सालीं ते पदवीधर झाले. आदिवासी पुरुषांत विद्यापीठाची पदवी मिळविणारे ते पहिले, असें मानतात. सिडनी विद्यापीठाची स्थापना १८५० ची आहे, हें येथें ध्यानांत ठेवावें. वॉलगेट येथें माजी सैनिकांच्या क्लबांत लढाईवर जाऊन आलेल्या आदिवासी सैनिकांनाही मज्जाव होता. मोरी येथें नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर आदिवासी मुलांना बंदी. पर्किन्स त्या मुलांना घेऊन दाराशीं उभे राहिले. जमाव खवळला, अंडीं आणि टोमॅटो फेंकले गेले. अखेर मुलें पाण्यांत उतरलीं. हीं दृश्यें शहरांतील घराघरांत पोंचलीं.

२७ मे १९६७ रोजीं शेंकडा ९० हून अधिक मतदारांनीं घटनादुरुस्तीस कौल दिला. आदिवासींना मताधिकार त्या दिवशीं मिळाला, असा समज अजून आढळतो. तो बरोबर नाहीं. मध्यवर्ती निवडणुकींतील मताचा हक्क त्यांना १९६२ सालींच मिळाला होता. १९६७ नें अन्यायाचें कलम गेलें खरें, पण त्याच्या जागीं आदिवासींविषयीं एक शब्दही आला नाहीं.

तो शब्द घालावा कसा, हें ठरविण्यांत पुन्हां विद्यापीठ पुढें आलें. न्यू साउथ वेल्स विद्यापीठांतील घटनाशास्त्राच्या अध्यापिका मेगन डेव्हिस या स्वतः आदिवासी. देशभर आदिवासींच्या बैठकी भरविण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला, आणि २६ मे २०१७ रोजीं उलुरू येथें तयार झालेलें निवेदन प्रथम त्यांनींच वाचून दाखविलें. संसदेला सल्ला देणारें आदिवासींचें मंडळ घटनेंत असावें, ही त्यांतील मुख्य मागणी. त्यांच्या विद्यापीठानें तिला उघड पाठिंबा दिला, आणखीही अनेकांनीं दिला; कांहींनीं मात्र संस्था म्हणून पक्ष न घेतां चर्चेस जागा देणें पसंत केलें. मला वाटतें, पाठिंब्याच्या पत्रकांपेक्षां त्या बैठकींमागचें काम कितीतरी मोलाचें होतें.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजीं मतदान झालें. ऑस्ट्रेलियांत घटनादुरुस्तीस एकंदर मतदारांचें बहुमत लागतें, शिवाय सहांपैकीं चार घटक राज्यांचेंही. अनुकूल मतें शेंकडा ४० च्या आसपासच पडलीं, आणि साही राज्यांनीं नकार दिला. अनुकूल मतें अधिक पडलीं तीं मोठ्या शहरांच्या मध्यभागीं, जेथें पदवीधर फार, आणि दूरच्या कित्येक आदिवासी वस्त्यांत. यांच्या मधला अफाट मुलूख विद्यापीठांच्या शब्दानें हलला नाहीं. १९६५ ची बस याच मुलुखांत गेली होती.

निकालानंतर आदिवासी पुढाऱ्यांनीं आठवडाभर मौन पाळलें आणि आपले ध्वज अर्ध्यावर उतरविले.