देवाच्या चार लेकी

१. ‘चार लेकींचा वाद’ : संदर्भ ‘द कासल ऑफ पर्सिव्हरन्स’ या पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी नीतिनाट्याचा. दया, सत्य, न्याय आणि शांती यांना देवाच्या कन्या मानून त्यांच्यात वाद घडवण्याची रूढी मध्ययुगीन ख्रिस्ती साहित्यात बरीच पसरली होती. तिचे मूळ बायबलमधील ८५व्या स्तोत्राच्या १०व्या वचनात आहे. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांच्या प्रवचनाने ती लोकप्रिय झाली.

या नाटकातला मानव म्हातारपणी लोभाच्या मागे धावतो आणि मरताना देवाच्या दयेचा धावा करतो. मग त्याच्या आत्म्याचा निवाडा सुरू होतो. सत्य आणि न्याय यांचे म्हणणे रोखठोक : करावे तसे भरावे, शेवटच्या घटकेच्या पश्चात्तापाने हिशेब चुकता होत नाही. दया ख्रिस्ताच्या क्रूसावरील बलिदानाचा दाखला देते, तर शांती बहिणींमध्ये समेट घडवते. देव दयेच्या बाजूने कौल देतो आणि त्या चौघीच आत्म्याला वर आणतात.

नाटकाच्या हस्तलिखितात रंगस्थळाचा आराखडाही आहे. मध्यभागी नाटकाच्या नावातली गढी (कासल), तिच्या तळाशी मानवाचा बिछाना आणि भोवती पाच मंच. पैकी देवाचा पूर्वेला. झग्यांचे रंगही ठरलेले : दयेचा पांढरा, न्यायाचा लाल, सत्याचा गडद हिरवा, शांतीचा काळा. देवाचा कौल दयेच्या बाजूने असला तरी प्रेक्षकाला सरसकट अभय नाही. समारोपाच्या भाषणात देव भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देण्यासारख्या दयाकृत्यांची आठवण करून देतो.