नाव खरं, मरण खोटं

युद्धपटांवर बोला, असा आग्रह बरेच दिवस चालू आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादकडचे श्रोते त्यात पुढे. तर आज 'बॉर्डर'वर बोलतो. पण टँक खरे होते की खोटे, या वादात शिरणार नाही. मला बोलायचंय ते पात्रांबद्दल.

'बॉर्डर' १९९७ साली आला तेव्हा मी नोकरीत होतो. जवानांबरोबर बसून पाहिला. लढाईच्या काही प्रसंगांना जवान चक्क हसले, आणि घरच्या पत्रांचं गाणं लागलं तेव्हा सगळे गप्प झाले. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचे भाऊ हवाई दलात होते. त्यांना पत्राची किंमत माहीत होती. ती जागा त्यांनी अचूक पकडली, हे मान्यच करायला हवं.

पण त्याच गाण्यापासून एक हिशेबही सुरू होतो. हिंदी युद्धपट पाहणाऱ्याला तो पाठ असतो. ज्याचं नुकतंच लग्न ठरलंय, ज्याची आई आंधळी आहे, ज्याच्या खिशात फोटो आहे, तो जाणार. मध्यंतरापर्यंत यादी तयार होते. लेखकाने माणूस उभा केलेलाच असतो तो शेवटी पाडण्यासाठी.

पात्रं काल्पनिक असतील तर माझी तक्रार नाही. चेतन आनंद यांच्या १९६४ च्या 'हकीकत'मधली पात्रं कल्पित आहेत, १९६२ चं लडाख खरं आहे. त्या तुकडीचं मरण आपण सगळ्या फौजेचं मरण म्हणून पाहतो. 'बॉर्डर'ने मात्र नावं खरी घेतली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, लेफ्टनंट धरमवीर, सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग. यातल्या धरमवीर आणि भैरोसिंग यांना चित्रपटात हौतात्म्य आलं. प्रत्यक्षात दोघेही लोंगेवालाहून जिवंत परतले.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगतो. ४ डिसेंबर १९७१. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, वाळवंटात लख्ख चांदणं. लोंगेवाला ठाण्यावर २३ पंजाबची एक कंपनी, साधारण १२० माणसं, सोबत सीमा सुरक्षा दलाचे मोजके जवान. धरमवीर गस्तीवर सीमेकडे गेले होते. टँकच्या इंजिनांची घरघर त्यांनी ऐकली आणि कळवली. चांदपुरींना विचारण्यात आलं, थांबता की मागे येता? त्यांनी थांबायचं ठरवलं. शत्रूचे टँक ठाण्यापाशी आले आणि काटेरी तार दिसताच थबकले. तार म्हणजे पुढे सुरुंग, असा त्यांचा समज झाला. सुरुंग शोधण्यात त्यांचे मोलाचे तास गेले. वाट सोडून वळसा घालू पाहणारे टँक मऊ वाळूत रुतले. आपल्या जीपवरच्या रिकॉइललेस गन अगदी जवळ येईपर्यंत गप्प राहिल्या, मग बोलल्या. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करता येत नव्हता, म्हणून सगळ्यांचे डोळे उजाडण्याकडे. पहाट झाली, हंटर आली, आणि उघड्या वाळूवरच्या टँकची शिकार सुरू झाली. ठाण्यावरचे आपले दोन जवान पडले.

दोन. चित्रपटातला आकडा तुम्हीच आठवा.

आता, ही गोष्ट कमी थरारक आहे का? चांदण्यात समोर टँक दिसताहेत, हाताशी मोजका दारूगोळा, आणि गोळी झाडायची नाही. फौजेत सर्वांत अवघड हुकूम तोच. पडद्यावर मात्र नायक रात्रभर ओरडतो. खऱ्या मोर्चात ओरडणारा अधिकारी फार काळ टिकत नाही, निदान जवानांच्या मनातून तरी उतरतोच. त्या मानाने १९८९ ची दूरदर्शनवरची 'फौजी' मालिका मला जवळची वाटते. ती कर्नल राज कपूर यांनी दिग्दर्शित केली होती. त्यात प्रशिक्षण, शिक्षा, चेष्टा यांतूनच पोरं घडताना दिसतात.

भैरोसिंगांकडे परत येतो. जोधपूर जिल्ह्यातल्या शेरगढ भागातला हा माणूस. लढाईत त्यांनी लाइट मशीनगन हातात घेतली, त्यांना सेना पदक मिळालं, १९८७ मध्ये ते निवृत्त झाले. सुनील शेट्टीने साकारलेला भैरोसिंग पडद्यावर मेला तेव्हा खरे भैरोसिंग गावी होते. ते वारले डिसेंबर २०२२ मध्ये, जोधपूरच्या रुग्णालयात. म्हणजे लढाईनंतर ५१ वर्षांनी. त्यातली पंचवीस वर्षं देशातल्या बहुसंख्य प्रेक्षकांच्या लेखी हा माणूस हयातच नव्हता. मेलेल्याला हार घालायला आपण विसरत नाही. जिवंताचं काय? त्याच्या निवृत्तिवेतनाची, औषधाची चौकशी करावी, हे हुतात्म्याच्या बाबतीत कुणाच्या डोक्यात येणार? लेखकाला एक रडवणारा प्रसंग मिळाला, त्याची किंमत ही.

कुणी म्हणतील, वाचलेल्या माणसाची गोष्ट कशी रंगवायची? सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे घ्या. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी हा रस्ता. पाडलेली झाडं, सुरुंग, वरून गोळीबार. त्यांचं काम टँकसाठी वाट मोकळी करायचं. पहिल्याच दिवशी दोन सहकारी गेले, स्वतः राणे जखमी झाले, तरी काम थांबलं नाही. एका टप्प्यावर ते चालत्या टँकखाली शिरले आणि त्याच्याच वेगाने सरपटत पुढे निघाले. दोऱ्या बांधल्या होत्या. एक ओढली की चालकाने थांबायचं, दुसरी ओढली की पुढे जायचं. डोक्यावर कित्येक टनांचं लोखंड, समोर सुरुंग, आणि बोलायचं ते फक्त दोरीने.

टँक राजौरीला पोचले. राणेंना परमवीर चक्र मिळालं, आणि ते छातीवर लावून त्यांनी पुढे वीस वर्षं नोकरी केली. १९९४ मध्ये ते पुण्यात वारले.