सोनबाचं मडकं

सरकारनं गावाचा नकाशा कागदावर काढला. आमच्या बापजाद्यांनी तो पायांनी शिकला. इथून पुढं जायचं नाही. या विहिरीवर वाकायचं नाही. या पायरीला शिवायचं नाही. म्हणून चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसला, की पांढरपेशा माणूस त्याची कारागिरी बघतो, नाहीतर रहदारीची अडचण काढतो. आम्ही बघतो ती जागा. आमच्या लेखी तो सातबारा आहे, दगडात कोरलेला.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली. वस्ती रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. पुतळ्यासाठी कशाला मरायचं, असं विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, की त्यांच्या बापाला गावात उभं राहायला कधी परवानगी लागली होती का?

आता आपल्या पनवेलकडं या. हे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे. नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातल्या जुन्यांपैकी एक. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. एवढ्या पाण्याच्या या मुलखात आपल्या लोकांनी जपलेली गोष्ट मात्र एका मडक्याची आहे.

पळस्पे फाट्यावर पुण्याची वाट आणि कोकणची वाट वेगळी होते. कोकणात जाता-येता बाबासाहेब इथं थांबले, तहान लागली, पाणी मागितलं, आणि जात बघून नाकारलं गेलं, असं जुनी माणसं सांगत आली. सोनबा येलवे हा म्हातारा ते बघून कासावीस झाला. साहेब परत या वाटेनं येतील, तेव्हा तहानलेले जायला नकोत. म्हणून तो रोज मडकं भरून फाट्यावर बसायचा. उन्हात, पावसात, वर्षानुवर्षं. वाट बघता बघताच तो गेला.

ही गोष्ट ऐकून डोळे पुसून मोकळं होऊ नका. तिला इतिहासाशेजारी ठेवून बघा. सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले! महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागद खुला झाला, पाणी झालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा आपल्या माणसांची डोकी फुटली. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या, बाटलेलं पाणी शुद्ध करायला! कोर्टात दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

पनवेल आणि महाड एकाच कुलाबा जिल्ह्यातली गावं. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. एकाच जिल्ह्यात तिकडं १०८ घागरी माणसाला हाकलायला आणि इकडं एक मडकं माणसाला पाजायला. यातली संस्कृती कुठली, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

महाडात आज क्रांतिस्तंभ आहे, तळ्यावर बाबासाहेब उभे आहेत. तिथं गेलेल्या पोराला बोट दाखवून सांगता येतं. पनवेलच्या आसपासची जमीन मात्र १९७० साली सिडको आली तेव्हापासून बदलत राहिली. शेतं गेली, टेकड्या कापल्या, रस्ते रुंदावले. फाट्यावरून गाड्या सुसाट जातात. जुनी माणसं एकेक करून जात आहेत, आणि जागेची ओळख त्यांच्या तोंडीच आहे. तोंडची गोष्ट रस्तारुंदीत कुणी मोजत नाही, तिला मोबदलाही मिळत नाही.

म्हणून सोनबाची खूण फाट्यावर ठळक, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी पाहिजे. पण फुलं वाहायला नुसता दगडी मटका नको. त्याला बारमाही पाणी असलं पाहिजे. ट्रकवाला, हमाल, मच्छीवाली, शाळेचं पोर, कुणीही यावं आणि प्यावं. शेजारी चार ओळीत लिहावं, हे पाणी कुणी भरलं आणि का भरलं. ज्या दिवशी नळ कोरडा पडेल, त्या दिवशी स्मारक मोडलं असं समजून आपण रस्त्यावर यायचं.