मृण्मयी दुर्गा आणि छायाचित्राची साक्ष

बंगालच्या दुर्गापूजेशी मराठी माणसाचा जो संबंध इतिहासात गाजला, तो काही स्नेहाने आलेला नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले आणि काटव्याजवळ दाईंहाट येथे त्यांनी मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. पूजा पुरी होण्याच्या आतच अलीवर्दीखानाने रात्री नदी ओलांडून छापा घातला, आणि मराठ्यांना देवीचे विसर्जनही न करता छावणी सोडावी लागली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने आपल्या 'महाराष्ट्र पुराणा'त त्या स्वारीची हकीकत लिहून ठेवली, म्हणून ती आपणांस ठाऊक आहे. त्या देवीचा चेहरा मात्र काळाच्या पोटात गेला.

यात नवल नाही. वेरूळच्या कैलास लेण्यातील महिषासुरमर्दिनी हजार वर्षांहून अधिक काळ उभी आहे, कारण ती खडकात कोरलेली आहे. बंगालची दुर्गा ही गंगेच्या मातीची. दशमीला गंगेतच जायची. आपला पार्थिव गणपती याच जातीचा. जी कला नाहीशी होण्यासाठीच घडवली जाते, तिचा इतिहास लिहायचा कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे एक उत्तर छायाचित्र हे आहे. आणि ती साक्ष कितपत पुरी आहे, हे आज आम्हांस आपल्यापुढे तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम उत्सवाची हकीकत थोडक्यात पाहू. १७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या शोभाबाजारात नवकृष्ण देव यांनी आपल्या वाड्यात दुर्गापूजा सुरू केली. अशा पूजांना कंपनीचे साहेबलोक पाहुणे म्हणून येत. पुढे १७९० च्या सुमारास हुगळीकाठच्या गुप्तिपाड्यात बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा केली. 'बारोयारी' हा शब्द त्यातूनच आला असे सांगतात. खुद्द कलकत्त्यात, भवानीपूर भागात, सार्वजनिक पूजा १९१० साली सुरू झाली. आपल्याकडे १८९३ मध्ये पुण्यात गणपती वाड्यातून चौकात आला, तसाच हा प्रवास आहे.

मूर्ती घडतात त्या उत्तर कलकत्त्यातील कुमारटुलीत. ही कुंभारांची वस्ती. कृष्णनगरकडून आलेल्या कारागिरांनी ती नावारूपाला आणली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या मूर्तिकारांनी तिच्यात भर घातली. रथयात्रेच्या सुमारास लाकडी सांगाड्याची पूजा होते. त्या सांगाड्यावर पेंढा सुतळीने आवळून अंग तयार करतात, त्यावर चिकणमातीचा जाड लेप, वर बारीक मातीचा हात, मग खडूचा पांढरा थर आणि शेवटी रंग. डोळे काढायचे ते महालयेला, असा जुना संकेत आहे. मूर्तीचा पांढराशुभ्र साज शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडासारख्या गाभ्याचा. चकचकीत साजाला 'डाकेर साज' म्हणतात, कारण त्याचा रुपेरी पत्रा परदेशातून डाकेने येत असे.

छायाचित्रणापूर्वी ही मूर्ती चित्रकारांनी टिपली. फ्लेमिश चित्रकार सॉल्व्हिन्स याने १७९० च्या दशकात कलकत्त्यातील सणांची कोरीव चित्रे छापली. विल्यम प्रिन्सेप याने १८४० च्या सुमारास दुर्गापूजेच्या प्रसंगी एका श्रीमंत वाड्यात चाललेल्या नाचगाण्याचे चित्र रंगवले. पण त्या चित्राचा जीव नाचणाऱ्यांत आणि युरोपियन पाहुण्यांत आहे. पाहणारा जे पाहायला येतो तेच टिपतो.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. मुंबईत १८५४ साली व कलकत्त्यात १८५६ साली छायाचित्रकारांच्या संस्था निघाल्या. यंत्र आले म्हणजे निःपक्षपाती साक्षीदार आला, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. त्या काळच्या ओल्या काचेला कित्येक सेकंद उजेड द्यावा लागे. मूर्ती हलत नाही ही सोय खरी. पण देवी उभी असे ती अंधाऱ्या ठाकुरदालनात. शिवाय त्या काचेला निळा प्रकाश तेवढा नीट समजे. पिवळा आणि तांबडा काळपट उमटत. आता परंपरेची दुर्गा हळदीसारखी पिवळी आणि कित्येक ठिकाणचा महिषासुर हिरवा! म्हणजे तेजस्वी म्हणून रंगवलेली देवीच अशा काचेवर सावळी होणार. जुन्या छायाचित्रावरून रंगाचा निवाडा करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे छायाचित्राने एक मोठे काम केले. पूर्वी देवी, तिची चार मुले, सिंह आणि असुर ही सारी मंडळी एकाच कमानीखाली असत. याला 'एकचाला' म्हणतात. कृष्णनगरचे गोपेश्वर पाल १९२४ मध्ये लंडनजवळ वेंब्ली येथील प्रदर्शनात आपले कौशल्य दाखवून आले आणि १९३० च्या दशकात त्यांनी ही मंडळी सुटी सुटी उभी केली. मातीत झालेला हा बदल मातीबरोबरच वाहून जायचा. अशी स्थित्यंतरे वर्षावर्षाने ताडून पाहायची तर चित्रच हवे. मूर्तिकारही छायाचित्रांच्या वह्या ठेवू लागले; गिऱ्हाइकाने चित्रावर बोट ठेवून असाच चेहरा हवा म्हणावे. म्हणजे छायाचित्र केवळ साक्षीदार राहिले नाही. ते पुढल्या वर्षीच्या मूर्तीचे वळणही ठरवू लागले.

१९८५ पासून उत्तम पूजेला बक्षिसे देण्याची चाल पडली, मंडप दरवर्षी नव्या कल्पनेवर उभे राहू लागले, आणि २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने कलकत्त्याच्या दुर्गापूजेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आज कुमारटुलीच्या अरुंद गल्ल्यांत कॅमेरेवाल्यांची इतकी दाटी होते की मूर्तिकारांच्या संघटनेने छायाचित्रणासाठी अल्पसे शुल्क ठेवले. त्यात आम्हांस वावगे दिसत नाही. दिवस मोजून काम करणाऱ्या माणसाच्या उजेडात उभे राहायचे, तर त्याची परवानगी आणि त्याच्या वेळेचे मोल, दोन्ही मान्य केले पाहिजे.

तरीही उणीव राहतेच. हजारो छायाचित्रे निघतात ती बहुतेक देवीच्या डोळ्यांची. पेंढा आवळणारे हात, माती मळणारा मजूर, शोला कापणारा माळाकार, कारखान्यात उभी राहिलेली स्त्री-मूर्तिकार, ही चित्रे थोडी. आणि निघाली तरी खाली नाव नसते. 'कारागीर' एवढाच उल्लेख. शोभाबाजारच्या राजाचे नाव आपण अडीचशे वर्षांनीही घेतो. ज्यांनी प्रत्येक वर्षी नवी देवी घडवली त्यांची नावे मूर्तीबरोबर पाण्यात सोडली. नावावाचून छायाचित्र म्हणजे इतिहासाचे साधन अर्धेच.

हा दोष केवळ बंगालचा म्हणून आपणांस हात झटकता येणार नाही. आपल्या घरच्या गणपतीची, गल्लीतल्या मंडळाच्या देवीची चित्रे आपल्या संग्रही असतील. त्यांतील किती चित्रांमागे साल आहे? मूर्ती कोणी केली, माती शाडूची की दुसरी, रंग कोणी दिला, हे किती ठिकाणी लिहिले आहे? ज्या आजोबांना हे सांगता येते ते अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारून चित्रामागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात. देवीला निरोप द्यावा, ती परत येणारच आहे. घडवणाऱ्याचे नाव मात्र एकदा गेले की परत येत नाही.