आकाशातला तांडेल आणि जमिनीवरचे सरकार

श्रोतेहो, आपल्यापैकी जे कोकणपट्टीत राहतात त्यांना तांडेल म्हणजे कोण, हे सांगायला नको. होडी एकदा किनारा सोडून आत गेली की तांडेलाचा शब्द शेवटचा. जाळे कुठे टाकायचे, वारा फिरला तर मागे कधी वळायचे, हे तो ठरवतो. मग होडीचा मालक किनाऱ्यावर बसलेला का असेना. कारण उघड आहे. समुद्रात काय चालले आहे, ते किनाऱ्यावरून दिसत नाही.

विमानाच्या मुख्य वैमानिकाला आपण कॅप्टन म्हणतो. हा शब्द जहाजावरूनच आला, आणि त्याच्यामागचा अधिकारही. १९६३ साली टोकियो शहरात राष्ट्राराष्ट्रांत एक करार झाला. प्रवासी चढून विमानाची बाहेरची सगळी दारे लागली, की तिथपासून उतरण्यासाठी दार उघडेपर्यंत आतल्या सुरक्षिततेची सूत्रे कॅप्टनच्या हाती, असे त्यात ठरले. कोणी धोका निर्माण केला तर कॅप्टन त्याला बांधून ठेवू शकतो, पुढच्या विमानतळावर उतरवू शकतो. आणि कोणी बळजबरीने विमान बळकावलेच, तर ते पुन्हा कॅप्टनच्या ताब्यात यावे म्हणून सरकारांनी योग्य ते सारे उपाय करायचे. भारताने १९७५ साली त्यासाठी कायदा केला.

कागदावर हे सरळ दिसते. पण विमान काही कायम आकाशात राहत नाही. त्याला इंधन लागते, धावपट्टी लागते, आणि या दोन्ही गोष्टी जमिनीवरच्यांच्या हातात असतात. मग चाचे आत शिरलेले विमान खाली उतरले, तर शब्द कोणाचा चालायचा?

२४ डिसेंबर १९९९ ची संध्याकाळ आठवा. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हे विमान पाच हत्यारबंद माणसांनी आकाशात ताब्यात घेतले. कॅप्टन होते देवी शरण. चाच्यांना पश्चिमेकडे जायचे होते, पण टाकीत तेवढे इंधन नव्हते. लाहोरने उतरू दिले नाही. सातच्या सुमारास विमान अमृतसरला उतरले.

आता दोन्ही बाजू बघा. सरकारला वेळ हवा होता. कमांडो यायचे होते, आणि विमान एकदा देशाबाहेर गेले की हातचे गेले. कॅप्टनला इंधन हवे होते. प्रवाशांवर सुरे चालत होते, आणि ते त्याला जवळून दिसत होते. दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच यातली अडचण. पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ गेला. इंधन आले नाही, कमांडोही पोचले नाहीत. शेवटी चाच्यांनी विमान तसेच उडवायला लावले. लाहोरने धावपट्टीवरचे दिवे मालवले होते. अंधारात मोठ्या संकटातून विमान कसेबसे वाचले, आणि मग तिथे उतरू दिले गेले. पुढे दुबई, आणि शेवटी अफगाणिस्तानातले कंदाहार. वाटेत एका प्रवाशाचा बळी गेला. ३१ डिसेंबरला कंदाहारमधले ओलीस सुटले, ते तीन कैद्यांना सोडून दिल्यावर.

याच्या उलट एक उदाहरण आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून गेलेले पॅन ॲमचे विमान कराचीला उभे असताना त्यात चाचे घुसले. हवाई सेविकांनी इशारा देताच वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून बाहेर पडले. कोणी म्हणेल, पळाले! पण वैमानिक नाही म्हणजे विमान जागचे हलणार नाही, हा त्यात हिशेब होता. आणि ते हललेही नाही. मात्र आत उरलेल्यांनी त्याची किंमत मोजली. सुमारे सतरा तासांनी गोळीबार झाला, वीसेक माणसे दगावली. प्रवाशांना वाचवताना मुंबईच्या नीरजा भनोट यांनी प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

पुढे ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानांचाच बॉम्बसारखा वापर झाला, आणि पारडे सरकारच्या बाजूला झुकले. भारताने २००५ साली धोरण ठरवले, की अपहरण झालेले विमान आपल्या भूमीवर उतरले तर ते पुन्हा उडू द्यायचे नाही. वेळ आलीच, तर ते आकाशात पाडण्याचीही तरतूद त्यात आहे. म्हणजे ज्याच्या मागे शे-दोनशे जीव बसलेले, त्याचा शब्द इथे शेवटचा राहिला नाही.

हे योग्य की अयोग्य? मला एवढे वाटते, की कॅप्टन आपल्या पाठीमागच्या माणसांचा विचार करतो, सरकारला उद्याच्या प्रवाशांचाही करावा लागतो. म्हणून अधिकार सरकारने घेतला, तर त्यात नवल नाही. पण ज्याने अधिकार घेतला, त्याने घड्याळाकडे बघून निर्णयही घ्यायला हवा. अमृतसरला कॅप्टनच्या हाती इंधन नव्हते आणि सरकारच्या हाती वेळेवर निर्णय नव्हता. निर्णय मग चाच्यांनी घेतला.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रश्न वर्गात मुलांपुढे जरूर ठेवावा. त्या पाऊण तासात तुम्ही कॅप्टनच्या जागी असता तर काय केले असते? आणि सरकारच्या जागी असता तर? दोन्ही उत्तरे एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहायला सांगावी.