माशाचं बी डीएनए पाहून कसं निवडतात? ‘जयंती’ रोहूची माहिती

भोर : भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणं उशाशी असल्याने भोर-वेल्ह्यात रोहू, कटला, मृगळ सगळ्यांच्या ओळखीचे. शेततळ्याचं गणित मात्र वेगळं. कागद न अंथरलेल्या तळ्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी तळाला जातं; तोवर रोहू विक्रीच्या वजनाला आला नाही तर वर्ष वाया. म्हणून बोटुकली कोणत्या बियाची, हे महत्त्वाचं.

इंद्रायणीचं बी वर्षानुवर्षे घरचंच फिरवलं की काय होतं, ते इथं कुणाला सांगायला नको. माशांचंही तसंच. हॅचरीत मोजक्याच नर-माद्यांची पिल्लं पुढे पैदाशीला वापरली की नात्यातली पैदास होते, वाढ खुंटते.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने (सिफा) १९९२ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांसोबत रोहूची निवड पैदास सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा इथले रोहू आणि संस्थेचे स्वतःचे रोहू आणले. प्रत्येक जोडीची पिल्लं ओळखता यावीत म्हणून अंगात चिप बसवली, एकत्र वाढवली आणि चांगल्या कुटुंबांतून पुढची पिढी घेतली. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली त्या १९९७ मध्ये याला ‘जयंती’ नाव मिळालं. दर पिढीला वाढीत सरासरी १७ ते १८ टक्के फायदा झाल्याची संस्थेची नोंद आहे.

वजन तराजूवर कळतं. पण रोगाला टिकण्याची ताकद किंवा मांसाची प्रत जिवंत माशात दिसत नाही. ती तपासली की तो मासा पैदाशीला उरत नाही, म्हणून चाचणी त्याच्या भावंडांवर करतात. त्यातून कुटुंब चांगलं आहे एवढंच समजतं, त्यातलं नेमकं कोणतं पिल्लू चांगलं ते नाही. तिथे डीएनए कामाला येतो. पराचा बारीक तुकडा घेऊन हजारो जनुकीय खुणा तपासल्या की त्या पिल्लाने कोणता गुण उचलला याचा अंदाज बांधता येतो. नॉर्वेत सॅमनची रोगाला टिकणारी अंडी अशी निवडली जातात. रोहूचा जनुकीय आराखडाही सिफाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. यात बाहेरचं जनुक घालत नाहीत, फक्त निवड होते. त्यामुळे ‘जयंती’ खायला घाबरायचं कारण नाही.

अडचण एकच. ‘जयंती’ची बोटुकली साध्या रोहूसारखीच दिसते, आणि नाव सांगायला कुणाला पैसे पडत नाहीत. हॅचरीवाल्याला नर-माद्या कुठून आणि कोणत्या वर्षी आणल्या ते विचारा, पावतीवर ‘जयंती रोहू’ लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ केली तर साध्या रोहूचाच भाव द्या.