फट झाकणाऱ्या पट्टीची गोष्ट

मागच्या वेळी आपण वाड्याच्या उंबरठ्यापाशी थांबलो होतो. आज चौकटीच्या कडेला बघू या. तिथे एक बारीक फट असते, आणि आपला आजचा इतिहास त्या फटीचाच आहे.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. गिलावा तसं करत नाही. म्हणून दोघांच्या सांध्यावर भेग पडायचीच. ती झाकायला सुतारांनी लाकडी पट्टी आणली. वाड्यातल्या भरभक्कम सागाच्या चौकटी गेल्या, भिंती पातळ झाल्या, तसं या पट्टीचं काम वाढलं.

आता प्लास्टिक. १८७२ साली ओयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या काचपात्रात एक पांढरा घनपदार्थ दिसला. तेच पीव्हीसी. त्याचं करायचं काय, हे पुढे अर्धशतक नीट उमगलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते, आणि त्यांच्या हाती लवचीक पीव्हीसी लागलं. घरांच्या दार-खिडक्यांत कडक पीव्हीसी आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

आपल्याकडे १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर कडक बंधनं आली. लाकडाला पर्याय हवाच होता. शिवाय प्लास्टिकला वाळवी लागत नाही, न्हाणीघराच्या ओलीने ते कुजत नाही.

पण गंमत बघा, हलणारं लाकूड झाकायला आपण आणखी हलणारी वस्तू आणली! उष्णतेने पीव्हीसी लाकडापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. २ मीटरची पट्टी २५ अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबते. थंडीत घट्ट ठोकलेली पट्टी मे महिन्यात फुगते ती यामुळे. म्हणून टोकाला थोडी जागा सोडायची, कोपरे ४५ अंशांत कापायचे, आणि मापं चारी बाजूंची वेगवेगळी घ्यायची. भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. कडक ऊन येणाऱ्या खिडकीला स्वस्त पट्टी नको, पिवळी पडते.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. लाकडी पट्टी ओल आली की काळी पडून आपल्याला सांगायची. प्लास्टिकची पट्टी गप्प बसते. मागे चौकट कुजत राहते. तेव्हा आधी ओल कुठून येते ते शोधायचं, मग पट्टी लावायची. फट झाकली म्हणजे भिंत बरी झाली, असं नसतं.